हुबेहूब पोचा

आमच्या मामांनी तीस वर्षं ट्रक चालवला आणि निवृत्त झाल्यावर पत्र्याचे वीतभर ट्रक करायला घेतले. जुन्या गाडीचा नुसता दिवा दाखवा, ते साल सांगतात. दुसऱ्यानं चुकीचं सांगितलं तर त्यांना जेवण जात नाही. "नवाकोरा ट्रक कुणीही करेल, पोचे उतरवायला अक्कल लागते," हे त्यांचं ब्रीद.

परवा त्यांनी स्वतःच्या पहिल्या ट्रकची प्रतिकृती सासऱ्यांपुढे ठेवली. सासऱ्यांनी चष्मा पुसून, ट्रक हातात घेऊन बंपरचा पोचा न्याहाळला.

"इथं हिरवं काय लागलंय?"

"तुमच्या जुन्या फाटकाचा रंग," मामा अभिमानानं म्हणाले. "हुबेहूब जमायला तीन दिवस लागले."

सासऱ्यांनी ट्रक हळूच खाली ठेवला.

"ते फाटक शेजाऱ्यानं पाडलं म्हणून मी चाळीस वर्षं त्याच्याशी बोललो नाही."