आधी मायनस, मग प्लस

आमच्या टेस्ट रूममध्ये किस्से साठतात त्याला कारण आहे. फोन गेटवरच जमा होतो. सकाळी मशीन चालू केल्या की त्या नीट गरम होईपर्यंत कोणालाही काही मोजता येत नाही. आणि कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही, हे आम्ही आधीच लिहून दिलेलं. मग माणूस करणार काय? एकमेकांबद्दलच बोलणार! नवा रायपुरला, जिथे बस चुकली तर पुढची कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही, तिथे आमची ही खोली आणि खोलीत आम्ही तिघं: मी, साहू आणि आमचे मेश्राम सर. हल्ली सरांचा किस्सा निघाला की तो अर्ध्यावरच राहतो. तरी सांगते.

* * *

आम्ही गॅलियम नायट्राइडचे पीस, म्हणजे चिप, तपासतो. आकार नखाहून लहान, पण अंगात ताकद भारी. पुढे ते सैन्याच्या रडारमध्ये जातात, वायरलेसमध्ये जातात, शत्रूच्या रडारला गोंधळात पाडणाऱ्या जॅमरमध्ये जातात. आता हे घरी सांगायची सोय नाही. म्हणून आईला मी एवढंच सांगितलं की मोबाईलच्या नव्या फास्ट चार्जरमध्ये असतं ना, तसलंच काहीतरी आमच्याकडे असतं.

झालं! आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, बातमी पसरली की इंगळ्यांची पोट्टी चार्जर दुरुस्त करते. लोक पिशवीत घालून बंद चार्जर आणून देऊ लागले. आई सगळे घेऊन ठेवायची, वर चहा पाजायची.

मी सरांपाशी रडगाणं गायला गेले, तर ते म्हणाले, "घेऊन ये ना. सैन्याचं होत राहीन, आधी पाऱ्याचं झालं पाहिजे." आणि खरोखरच संध्याकाळी बसस्टॉपच्या बाकावर बसून त्यांनी ते चार्जर उघडले. दोन चालू झाले. तिसऱ्याची पार वाट लागली. मी विचारलं, आता मालकाला काय सांगू? सरांनी शांतपणे स्क्रू खिशात टाकले.

"सांग, सैन्यानं ठेवून घेतला."

* * *

आमच्या पीसची एक खोड आहे. तो जन्मतः उघडा असतो. टाकीचा मोठा व्हॉल्व्ह सोडायच्या आधी घरातला नळ बंद आहे ना ते पाहतो आपण, तसं आहे हे. आधी मायनस व्होल्टेज द्यायचा, म्हणजे तो मिटतो. मगच प्लस. बंद करताना बरोबर उलटं. क्रम चुकला की पीस जळाला, आणि जळाला की परत येत नाही.

म्हणून सरांनी पद्धत पाडली होती. स्विचवर एक जण, मीटरसमोर दुसरा. स्विचवाला विचारणार, "मायनस?" मीटरवाला आकडा बघून म्हणणार, "दिला." मग "प्लस?" "दिला." काम संपलं की "प्लस?" "काढला." "मायनस?" "काढला." उत्तर आल्याशिवाय हात हलवायचा नाही, भले दिवस मावळो. साहू नवीन होता तेव्हा त्याला हे पोरकट वाटायचं. एकदा त्याने उत्तराची वाट न पाहता प्लस दिला. खोलीभर वास सुटला.

साहू पांढराफटक. नोकरी गेली असंच समजून उभा. सर म्हणाले, उद्या सगळ्यांसाठी जिलबी आण. हीच शिक्षा. ज्याचा पीस जळेल त्याने जिलबी आणायची, आणि मग त्या पीसचं नाव काढायचं नाही. तेव्हापासून कँटीनमध्ये जिलबीचा डबा दिसला की सर लांबूनच विचारायचे, "आज कोणाचा गेला?"

माझे दोन गेले होते. साहूचे तर विचारूच नका. सरांचा एकही नाही.

* * *

एकदा सैन्याचे एक मोठे साहेब पाहणीला आले होते. त्यांनी हिंदीत विचारलं की ऐन वेळी पीस जळला तर रडारचं काय होतं. आमचे मॅनेजर घाम पुसू लागले. सर मात्र खुशीत आले. कोणी असं नेमकं विचारलं की त्यांना फार आवडायचं.

सरांनी समजावलं की एका रडारमध्ये असे शेकड्याने पीस असतात, सगळे मिळून बघतात. एखादा मेला तर रडार आंधळं होत नाही. आणखी काही मेले तरी होत नाही. फक्त दूरचं दिसेनासं होतं, आणि रडारला स्वतःला ते कळत नाही. बाहेरून कोणीतरी तपासावं लागतं.

"म्हणून आम्ही आहोत, साहब," सर म्हणाले. त्या दिवशी बसमध्ये ते सीटवर ताठ बसले होते, नवरदेवासारखे!

* * *

मग एक दिवस सर स्वतः जिलबी घेऊन आले.

आदल्या दिवशी त्यांच्या हातून पीस गेला होता. मी मीटरवर होते. "मायनस?" त्यांनी विचारलं, मी "थांबा" म्हणाले, आणि त्यांनी प्लस दिला. आम्हाला गंमतच वाटली. साहूने तर डबा उघडायच्या आधी टाळ्या वाजवल्या. सरही हसले, म्हातारा झालो म्हणाले. पोटभर खाल्ली आम्ही.

दुसऱ्या दिवशी सर पुन्हा जिलबी घेऊन आले. थोडे ओशाळलेले. "काल माझ्या हातून गेला ना," म्हणाले.

साहू माझ्याकडे बघू लागला. मी डबा उघडला. खाल्ली.

तिसऱ्या दिवशीही डबा आला. तेच ओशाळलेलं हसू, तेच वाक्य. जिलबी गरम होती, आणि मी डबा पुन्हा झाकून ठेवला. साहू बिचारा दोन्ही दिवस म्हणत राहिला, "हव सर, हो जाता है सर."

* * *

डॉक्टरकडे सरांच्या बायकोने, काकूंनीच नेलं. डॉक्टरांनी काय सांगितलं हे सरांनी मला बसस्टॉपच्या त्याच बाकावर सांगितलं. रिटायर व्हायला थोडेच दिवस होते. पहाडावरच्या एका रडारचा लॉट आमच्याकडे चालू होता आणि तो पूर्ण करूनच उठायचं त्यांच्या मनात होतं. तेवढंच मागत होते ते.

"त्या साहेबाले मी काय सांगितलं होतं, आठवते?" ते म्हणाले. "एकेक पीस जाऊन राहिला, इंगळे. पण माझं उलटं आहे. दूरचं सगळं दिसते. बाबा रेल्वेतून ड्यूटी करून येत, त्यांच्या जेवणाच्या डब्याचा आवाजबी येते. जवळचंच दिसत नाही."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, आणि मग त्यांच्या पद्धतीने कामाचं बोलले. स्विचवर मी बसायचं, ते मीटरसमोर बसतील. आकडा समोर दिसतो, लक्षात ठेवावा लागत नाही. आणि उत्तर आलं नाही तर मी हात हलवायचा नाही.

लॉट बराच पुढे गेला. एकही पीस जळला नाही. आम्हाला वाटू लागलं, निभतंय.

* * *

एका दुपारी मी विचारलं, "मायनस?"

उत्तर आलं नाही.

मी स्विचवर बोट ठेवून बसले. सर मीटरकडेच बघत होते. आकडा बरोबर होता, मलाही बाजूने दिसत होता. साहू उठू लागला, मी मानेने नको म्हटलं. उत्तर त्यांचं होतं. किती वेळ गेला माहीत नाही, माझं बोट दुखायला लागलं.

मग सर उठले. बेंचवर बसताना आम्ही सगळे मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधतो. तो त्यांनी सोडला, साहूच्या मनगटाला बांधला, नीट बसला का ते ओढून पाहिलं आणि बाहेर गेले. साहू मीटरसमोर बसला. "दिला," म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.

लॉट वेळेवर गेला. सर परत आले नाहीत.

* * *

मागच्या महिन्यात मी त्यांच्या गुढियारीच्या घरी गेले. जाताना जिलबी घेतली, त्यांना आवडते म्हणून. त्याहून जास्त काही डोक्यात नव्हतं.

सरांनी मला ओळखलं नाही. काकूंनी दोनदा नाव सांगितलं, त्यांनी पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला. काकू म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नकोस, आज सकाळी मलेबी ताई म्हटलं त्यांनी.

काकूंनी ताट वाढलं, वरण-भात, वर तूप. सरांनी हात लावला नाही. स्वयंपाकघराकडे बघत म्हणाले, "मायनस?"

"दिला," आतून काकू म्हणाल्या.

"प्लस?"

"दिला."

मग त्यांनी पहिला घास घेतला. काकू पाणी घेऊन बाहेर आल्या. "आधी मले काही समजेच ना," त्या हळूच म्हणाल्या. "ताट समोर, अन् हे उपाशी. मग साहूले फोन केला. काय म्हणायचं ते त्यानं शिकवलं."

सर हळूहळू जेवले. ताट बाजूला सारलं. "प्लस?"

"काढला," काकू म्हणाल्या.

"मायनस?"

काकू तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. सर ताटावर हात ठेवून थांबले.

"काढला, सर," मी म्हणाले.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या डब्याकडे.

"आज कोणाचा गेला?"

मी काकूंकडे पाहिलं. काकू भिंतीकडे बघत होत्या. मग सरांनी स्वतःच डबा उघडला, एक जिलबी उचलली आणि माझ्यापुढे धरली.

"घे, इंगळे," म्हणाले. "माझाच असन."