लांडग्यासारखा कुत्रा

शेजारच्या काकांनी हुबेहूब लांडग्यासारखा दिसणारा कुत्रा आणला. "यात लांडगा नाही हो," ते बाबांना सांगत होते. "हस्की, अल्सेशियन यांचा संकर करत, दर पिढीत रूपाने रानटी पण स्वभावाने मवाळ अशीच पिल्लं निवडत ही जात तयार केली."

ऐकता ऐकता बाबांचा हात त्याच्या मानेवरून फिरत होता. तो हात माझ्या डोक्यावरून कधी फिरल्याचं मला आठवत नाही. मला त्या जनावराचा विलक्षण हेवा वाटला. त्याच्यासाठी कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या मवाळपणा निवडत आलं होतं. आमच्या घरात आजोबांपासून करारीपणाच उतरत आला.

"ये, चावत नाही," बाबा म्हणाले. मी जवळ बसलो. त्या दाट केसांत आमची बोटं एकमेकांना लागली. बाबांनी हात काढून घेतला नाही.