धागा तुटला, कळलं फक्त सेठला

मंडळी, आज इच्छापोरच्या कापड कारखान्यात डोकं फिरलं.

तिथल्या मागांसाठी आम्ही लिहिलेल्या प्रोग्राममध्ये धागा तुटला की डेलिगेट नावाचा भाग त्याच्या यादीतल्या सगळ्या फंक्शनना हाक मारतो. त्यातलं एक लूम, म्हणजे माग, थांबवतं. सेठला मोबाइलवर मेसेजही हवा होता. आमच्या नीरवने तो जोडताना ‘+=’ ऐवजी नुसतं ‘=’ टाकलं आणि लूम थांबवणाऱ्या फंक्शनसकट जुनी यादी पुसली गेली. डेलिगेटच्या घोषणेत ‘इव्हेंट’ हा शब्द लिहिला असता तर नुसतं ‘=’ कंपायलरनेच अडवलं असतं, पण नीरवसाहेबांना तो शब्द जास्तीचा वाटला!

आज धागा तुटला, सेठला मेसेज गेला, लूम चालूच. कापड खराब. सेठ कारागीर भिकाभाऊवर ओरडले, "सो रहा था? कल से मत आना!"

भिकाभाऊ मला म्हणाला, "भाऊ, सांगा ना त्यास्ले, मी झोपेल नव्हतो."

चूक आमची आहे, मी सांगितलं. सेठ लगेच हसले. "सॉफ्टवेर छे, थाय!" सॉफ्टवेअर आहे, व्हायचंच, म्हणे. वर आम्हाला चहा मागवला.

भिकाभाऊचं काम वाचलं. माफी कुणीच मागितली नाही. तुमच्याकडे मागतात?