अण्णांची आढी

आंबा पिकला का हे बघायला अण्णा आंब्याच्या खोलीत शिरतच नसत. उंबऱ्याबाहेर उभं राहून नाक वर करत आणि सांगत, "कोपऱ्यातली दोन दिसांत होईल. मधली झोपलीय अजून." दोन दिवसांनी पेंढा उचलावा, तर कोपऱ्यातला हापूस खरोखरच केशरी झालेला असे. मालगुंडजवळच्या आमच्या बागेत ते दर हंगामाला आतल्या गावातून येत, भाताच्या पेंढ्यात थरावर थर लावून आंबे पिकायला घालत आणि लावणीची वेळ झाली की आपल्या शेताकडे परतत. त्या थरांना आमच्याकडे आढी म्हणतात, म्हणून ते आढीवाले अण्णा. त्यांचं खरं नाव मला फार उशिरा कळलं.

आढी एकदा लावली की तिला हात लावायचा नाही, हा त्यांचा कायदा. बाबांनी तो कधी मोडला नाही. मी मोडला.

बाबांचे गुडघे गेल्यावर बाग माझ्याकडे आली आणि मी पेट्या ऑनलाइन विकायला लागले. रोज एक रील टाकायचं, असा नेमच केला होता. हंगामात आंबा, पावसात कोकम, आणि काहीच नसेल त्या दिवशी माझंच तोंड. एक दिवस चुकला तर लोक आपल्याला विसरतील, ही धास्ती. जेवणाचं ताटसुद्धा आधी मोबाइलला दाखवायचं. अण्णा हळूच विचारत, "नैवेद्य दाखवून झाला काय गो? मग जेव आता." स्वतः मात्र ते कॅमेऱ्यासमोर कधी आले नाहीत. "माझं थोबाड बघून आंबा कोण घेईल?"

तिसऱ्या वर्षी मी 'आढीचे दहा दिवस' दाखवायचं ठरवलं. अण्णा पुतणीच्या लग्नाला गावी गेलेले. मी रोज पेंढा उचलला, आंबे हातात फिरवले, उजेडासाठी खिडकी उघडली. लोकांना फार आवडलं, आंब्यांना नाही. अर्धे कच्चे राहिले, अर्धे सुरकुतले, आणि ज्यांच्या घरी पेट्या पोचल्या त्यांनी त्याच आंब्यांचे फोटो माझ्या पेजवर टाकले. मी खोलीच्या पायरीवर बसून ढसाढसा रडले. बाग कुणाला तरी कराराने देऊन टाकायची आणि सुटायचं, एवढंच डोक्यात होतं.

अण्णा आले, त्यांनी विस्कटलेला पेंढा पाहिला. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. ते शेजारी टेकले. "आंबा अंधारात पिकतो, बाय. सारखा उघडून बघितलास तर पिकायचा नाय, नुसता म्हातारा होईल." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "आणि तू सवताला रोज उघडून दाखवतेस. तुझं काय होईल?"

त्यांनीच वार ठरवला. "दर दुसऱ्या शनवारी मी पिकल्या आढीचा पेंढा उचलणार. काय ते तेव्हा काढून घे." शनिवारी सकाळी मी पंधरा दिवसांचं शूटिंग उरकायला लागले. एरवी खोलीकडे जाताना मोबाइल बाहेरच्या खुंटीवर, त्यांनी टांगलेल्या कापडी पिशवीत. पावसाळ्यात तर पेजवर सरळ लिहून टाकलं: बाग विसावलीय, फेब्रुवारीत भेटू. पहिल्या वर्षी ते तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. काही लोक गेलेही. पण फेब्रुवारीत 'आंबा कधी?' असं विचारणारे इतके निघाले की पेट्या कमी पडल्या. मला पुन्हा भूक लागायला लागली, झोप यायला लागली, आणि बाग देऊन टाकायचं मी विसरूनच गेले.

गेल्या श्रावणात अण्णा गेले. यंदाची आढी मी एकटीने लावली. तिसऱ्या दिवशी हात आपसूक कडीकडे गेला, आणि "झोपलीय अजून" हे शब्द इतके स्पष्ट आठवले की मी तिथेच उभी राहून रडले. दार उघडलं नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, नक्की कोणत्या दिवशी पाठवणार? मी लिहिलं, वास आला की.

नवव्या दिवशी वास अंगणापर्यंत आला. मी मोबाइल पिशवीत टाकला, उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि नाक वर केलं. कोपऱ्यातली झाली होती.