गोधडीचा चौथा कोपरा

माझ्या आईच्या मते गोधडी ही शिकायची गोष्टच नाही. मी यवतमाळला वसतिगृहात राहून कापड आणि भरतकाम शिकते, याचं तिला कौतुक आहे. पण शेवटच्या वर्षी जुन्या कपड्यांतून नवी वस्तू करून दाखवायची असते आणि मी गोधडी करणार, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "याच्यासाठी कालेजात टाकलं काय तुले?"

दिवाळीच्या सुट्टीत, घाटंजीजवळच्या आमच्या गावी, मी जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. आईची दोन विटलेली पातळं, कॉलर गेलेले बाबांचे शर्ट, माझा शाळेचा निळा युनिफॉर्म. मधोमध पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, भरायची ठरवली. आधी पिवळं फूल, मग हिरवं बोंड, मग फुटलेलं पांढरं. कापड जिथून येतं ते झाड कापडावरच. ही कल्पना मला इतकी आवडली की आठवडाभर मी तोऱ्यातच होते.

नियम एकच होता. प्रत्येक टाका विद्यार्थिनीच्या हातचा हवा; दुसऱ्याचा हात दिसला की काम बाद आणि वर्ष वाया. आमच्या मॅडम भरतकाम आधी उलटं करून बघतात. पुढून सगळ्याच हुशार असतात, म्हणतात. म्हणून मी मागची बाजूही पुढच्यासारखीच राखली. सुई टोचून बोटांची चाळणी झाली, पण खोटं कशाला बोलू, ते दोन महिने फार मजेत गेले. दर शनिवारी गावी यायचं, ओट्यावर गोधडी पसरायची आणि आईशी गप्पा मारत धावदोरा घालायचा.

गोधडी कॉलेजात न्यायची त्या सकाळी चौथा कोपरा तेवढा शिवायचा उरला होता. आईनं सुई मागितली.

"एवढा कोपरा मले दे."

मी नियम सांगितला. ती नुसता हात पुढे करून बसून राहिली. कोपऱ्याचं काय एवढं, असं म्हणून मी सुई दिली आणि बॅग भरायला आत गेले.

परीक्षेच्या दिवशी गोधडी भिंतीवर लावलेली होती. जमिनीपासून तिच्या खालच्या कोपऱ्यापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती, माझ्या धावदोऱ्यापेक्षा सरळ. मॅडमनी कोपरा उलटवला.

"हे टाके तुझे नाहीत. उसव."

मी कात्री घेतली. कोपरा उसवला तर आत नखाएवढा ज्वारीच्या भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा. मी बाहेर जाऊन आईला फोन लावला. ती वावरात कापूस वेचत होती.

"आई, गोधडीत भाकर काहून ठेवली?"

"रिकाम्या पोटी घरून लावून देऊ काय तिले? माही मायही ठेवत जाय."

"अन् गूळ कायले?"

"कोरडी भाकर देते काय कोनी?"

मला रागही आला आणि हसूही. आत येऊन मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी भाकर आणि गूळ काढून माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाल्या, "परीक्षकांना तूच सांग. आणि कोपरा आता तुझ्या हातानं शिव."

रिकामा कोपरा शिवायला मात्र माझा हात होईना. टेबलावर मांडायला मी फुटलेली बोंडं आणली होती. त्यातल्या एकातून चार सरक्या काढल्या आणि कोपऱ्यात घालून टाके घातले. पऱ्हाटीच्या गोधडीला पऱ्हाटीचंच बी. माझ्यासारखी हुशार मीच, असं वाटलं.

परीक्षक बाईंनी ऐकून घेतलं, कोपरा चाचपला, गोधडी उलटीपालटी करून पाहिली. "लबाडी करायची असती तर तू सांगितलंच नसतं," एवढंच म्हणाल्या. काम पास झालं, तेही चांगल्या मार्कांनी.

शनिवारी गोधडी घेऊन घरी आले आणि सरक्यांची गोष्ट ऐटीत सांगितली. आई माझ्याकडे बघतच राहिली.

"सरकी? अवं, ते तं ढोराले चारतेत."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं म्हणतात. माझ्या शहाणपणात बैलाची सोय झाली होती, गोधडीच उपाशी राहिली होती.

आईनं कोपरा उसवून सरक्या काढल्या आणि भाकरीचा तुकडा मोडून घेतला. मी म्हटलं, "परीक्षा तर झाली, आता कायले?"

ती सुईत दोरा ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "पेपर बाकी आहेत न तुहे? आता हे तुह्यासंगं होस्टेलात जाईन. तू मेसमधलं अर्धं ताट टाकून झोपतं. घरचा एक घास तरी जवळ राह्यला पायजे."

 उठून गुळाचा डबा मीच काढून दिला.