दोन बाय दोनची जागा

टेपने देवाची जागा मोजून देणारा माणूस अख्ख्या झाडीपट्टीत एकच, आणि तो आमच्या अहेरीच्या वनखात्याच्या कचेरीत मोठेबाबू, म्हणजे हेडक्लार्क होता. मी कोल्हापूरकडचा, आठवीत शाळा सोडलेला, कंत्राटी झाडूवाला. पहिल्या दिवशी "जेवला काय बे?" असं विचारणारे ते एकटेच, म्हणून त्यांची थट्टा करतानाही मनात हात जोडलेलेच असतात. त्यांच्या खिशात रुमालाऐवजी टेप. गणपतीत कोणी मूर्तीसाठी व्हरांड्यात टेबल मांडलं, तर बाबूंनी ते मोजलं. दोन फूट बाय दोन. "सरकारी व्हरांडा सगळ्यायचा हाय. एकाले जागा, त सगळ्यायले तेवढीच," म्हणत त्याच दिवशी ईदच्या चंद्राला, बुद्धमूर्तीला, नाताळच्या चांदणीला खडूने चौकोन आखून ठेवले. पुढे नाताळात चांदणीचं एक टोक रेषेबाहेर गेलं, ते त्यांनी वाकवून घेतलं. चौकोन आखतानाच वनमजुरी करणाऱ्या गोंड दादांना विचारलं, "तुमचं काय ठेवू?" दादा म्हणाले, "आमच्या देवाले फोटो नसते बाबू. जागा सोडा." बाबूंनी कोपऱ्यात चौकोन आखला. रिकामा.

दुसऱ्या सकाळपासून त्या चौकोनात मोहाची ताजी, ओली फुलं दिसू लागली. मोह फुलतो उन्हाळ्यात. हा भर पावसाळा. आवारात मोहाचं झाड नाही, फाटकाची किल्ली माझ्याच कमरेला. मी बाबूंना बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून टेप लावली. "रेषेच्या आतच हायेत ना? मंग नियमात हाय."

मग वरून पत्र आलं, कचेरीत कुठल्याच धर्माचं काही मांडायचं नाही. बाबूंनी तासाभरात सगळं काढलं. तपासणीला आलेल्या साहेबांनी कोपऱ्यातली फुलं पाहिली आणि मला म्हणाले, "तूच ठेवतोस ना? आत्ता पूस, नाहीतर उद्यापासून येऊ नको." मी वाकलो. सगळा व्हरांडा गार, तेवढीच फरशी उबदार, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी. हात पुढे जाईना. नोकरी गेलीच समजलो. तेवढ्यात बाबू मध्ये आले. "साहेब, पत्रात मांडलेलं काढा, असं लिवलं हाय. इथी कोनी काई मांडलंच नाई. रिकामी जागा काढाची कशी, तेवढं लेखी द्या." साहेबांनी कागद मागवला, कोपऱ्याकडे एकदा पाहिलं, आणि न लिहिताच गाडीत बसले.

बाबू रिटायर होऊन आपल्या गावी, मूलला गेले. जाताना टेप माझ्या हातात ठेवली, म्हणाले, "जेवत जाय बे वेळेवर." दुसऱ्या सकाळी फाटक मीच उघडलं. त्यांच्या रिकाम्या खुर्चीत मोहाची दोन ओली फुलं होती. मी खुर्ची मोजली. दोन फुटांना जरा कमी भरली. चालवून घेतलं.