मेजरसाहेबांची पाच पदकं

शुवैखमधल्या आमच्या गोदामात मेजरसाहेबांना न घाबरणारं एकच कोणी असेल तर ते दारातलं मांजर, आणि तेही त्यांच्यासमोरून जाताना शेपूट सरळ ठेवायचं. ब्रिटिश पायदळातून निवृत्त होऊन ते आमच्याकडे सेफ्टी ऑफिसर म्हणून आले होते. कुवेतच्या ऐन उन्हाळ्यातही शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं. कुठल्याही खोलीत शिरले की आधी दारं मोजायची आणि मग माणसांकडे बघायचं. जेवायला बसायचे तेही भिंतीला पाठ लावून. मी तिथे स्टोअरकीपर. एकदा मी संकटकाळच्या दारासमोर चार खोकी ठेवली, तर त्यांनी मला डोळे मिटून, भिंत चाचपत त्या दारापर्यंत अकरा वेळा चालायला लावलं. दापोलीचा हमीदभाई म्हणाला की याच्यापेक्षा लढाई परवडली.

त्यांच्या टेबलामागे काचेच्या चौकटीत पाच पदकं होती. आयर्लंड, बोस्निया, इराक, अफगाणिस्तान या चार मोहिमांच्या हकिकती आम्हाला पाठ झाल्या होत्या. पाचवं पदक कुवेतच्याच लढाईचं, ते कोवळे लेफ्टनंट असतानाचं. त्याबद्दल मात्र विचारलं की ते आमचे बूट तपासायला लागत.

मग एका सकाळी धोक्याचा सायरन वाजला. महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणी होते, पण तो सोमवार नव्हता. लांब कुठेतरी स्फोट झाला आणि शटर थरथरलं. साहेबांनी आम्हा चौदा जणांना आतल्या बिनखिडकीच्या खोलीत नेलं आणि दार लावून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मला भीती वाटते आहे," ते हळूच इंग्रजीत म्हणाले. "तुलाही वाटत असेल."

मी मान डोलावली. पुन्हा स्फोट झाला, आता जवळ. तेव्हा त्यांनी पाचव्या पदकाचं सांगितलं. इथल्याच वाळवंटात त्यांच्या एकोणीस वर्षांच्या ड्रायव्हरने विचारलं होतं, साहेब, तुम्हाला भीती वाटते का? ते नाही म्हणाले होते. तासाभरात तो पोरगा गेला.

"मी खोटं बोललो, म्हणून तो एकटाच घाबरलेला राहिला. पदक तिथे हजर असलेल्या सगळ्यांनाच मिळालं. त्याचं त्याच्या आईकडे पोचवलं."

अर्ध्या तासाने धोका टळल्याचा सायरन वाजला. साहेबांनी चौदाही जण मोजले आणि बाहेर येताच हमीदभाईला बुटाच्या सुटलेल्या नाडीवरून झापलं.

त्या उन्हाळ्यात ते कायमचे इंग्लंडला गेले. विमानतळावर पोचवायला गेलो तेव्हा त्यांनी हात इतका घट्ट धरला, की माझी बोटं दुखली.

परवा पुन्हा सायरन वाजला. आम्ही घरीच होतो. माझी लेक माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, आर यू स्केअर्ड?"

"हो गं," मी म्हणालो. "ये, जवळ बस."

ती आली, आणि तिने माझा हात धरला.